विंचू, उंबरठा आणि यतना

जैसलमेरच्या वाळूवर आषाढाची पहिली सर पडली की मातीच्या सुगंधाबरोबर मातीतले जीवही वर येतात. वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरहूनही कमी पावसाच्या त्या प्रदेशात माणसे ज्या सरीची वाट पाहतात, तीच सर विंचवाच्या बिळात शिरून त्याला बेघर करते. मग तो कोरडी जागा शोधू लागतो आणि कोरडी जागा म्हणजे बहुधा माणसाचे घर असते.

जळगावात तीन पिढ्या कापडाचा व्यापार करणारे एक ओसवाल कुटुंब अशाच एका आषाढात आपल्या मूळ गावच्या घरी उतरले होते. घरातील वयोवृद्ध दादीसांनी त्या वर्षीचा चातुर्मास तेथे करण्याचा निश्चय केला होता. त्यांना पोहोचवण्यासाठी नातू, नातसून आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी आली होती. घर पिवळ्या दगडाचे, अनेक वर्षे बंद राहिलेले. चिऱ्यांमधला चुना ठिकठिकाणी गळालेला, परसात लाकडांची आणि गोवऱ्यांची रास भिंतीला टेकलेली.

पहिल्याच रात्री पाऊस झाला. मुलीच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर, भिंतीवर, शेपूट वर वळवलेला विंचू दिसला. नातवाने पायातली चप्पल उचलली. दादीसांनी त्याचा हात धरला. उंच काचेचा पेला त्यांनी विंचवावर पालथा घातला, भिंत आणि पेला यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवला आणि दोन्ही तसेच घट्ट धरून नातवाकडे दिले. "वाड्याबाहेर, त्या दूरच्या दगडांपाशी सोडून ये बेटा. अनवाणी जाऊ नकोस," एवढेच त्या म्हणाल्या.

नातसुनेला मात्र झोप लागली नाही. तिचे माहेर महाडचे. कोकणातल्या लाल विंचवाची दहशत तिने लहानपणापासून ऐकलेली. सकाळी तिने मनातले स्पष्ट बोलून टाकले, "दादीसा, जीवदया मलाही कळते. पण रात्री माझ्या मुलीचा हात त्याच्यावर पडला असता तर? आजच कीटकनाशक फवारणाऱ्या माणसाला बोलवू या."

प्रश्न आईचा होता. त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही, हे दादीसा जाणत होत्या. त्यांनी जी गोष्ट सांगितली ती घरात आजवर कोणी ऐकली नव्हती. त्यांच्या धाकट्या भावाला सहाव्या वर्षी विंचू चावला होता. वडिलधाऱ्यांनी मांत्रिकाला बोलावले. रात्रभर झाडफूक चालली. पोराला घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि पहाटे तो गेला. "विंचवाने आपल्या स्वभावाप्रमाणे केले, बींदणी," दादीसा म्हणाल्या. "पण त्याचे अंथरूण त्या संध्याकाळी कोणी झटकले नव्हते. आणि दवाखान्याची वाट कोणी धरली नाही. या दोन चुका आमच्या होत्या. तेव्हापासून मी एकही संध्याकाळ चुकवली नाही."

दादीसांची ती संध्याकाळ म्हणजे पडिलेहण. साधु-साध्वी आपली वस्त्रे आणि उपकरणे दररोज निरखून पाहतात, त्याच भावनेने त्या सूर्यास्तापूर्वी घर निरखीत. अंथरूण-पांघरूण झटकायचे, उशी उलटून पाहायची, पादत्राणे आपटून मगच पाय घालायचा, दोरीवरचे कपडे झाडून आत आणायचे. जमिनीवर कोणीही झोपायचे नाही. बाज भिंतीपासून वीतभर दूर आणि तिचे चारही पाय काचेच्या बरण्यांत उभे. गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही. शेजारीण बरण्यांत पाणी भरायला सांगे. दादीसा त्या कोरड्याच ठेवीत, कारण पाण्यात इतर जीव पडून मरतात. पांघरुणाची कड जमिनीला टेकू द्यायची नाही, हेही त्यांचे ठरलेले. नाहीतर बरण्यांचा उपयोग काय?

जीवविचार प्रकरणात विंचवाची गणना चउरिंद्रिय जीवांत केली आहे: स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी आहे, श्रवण नाही. आजचे प्राणिशास्त्रही सांगते की विंचवाला कान नसतात. पायांवरच्या सूक्ष्म संवेदकांनी तो जमिनीचे कंप ओळखतो. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांनी तो जमिनीचा वास आणि चव घेतो. डोळे अनेक असले तरी नजर मंदच. माणसाचा पाठलाग तो करीत नाही. दाबला गेला, पकडला गेला, तरच नांगी चालवतो. झुरळे, रातकिडे, कोळी हे त्याचे भक्ष्य, आणि भक्ष्य न मिळाल्यास तो महिनोन्महिने उपाशी राहू शकतो.

फवारणीचा मार्ग अधर्माचा तर होताच, पण फारसा उपयोगाचाही नव्हता. घरगुती फवाऱ्याने झुरळे पटकन मरतात, विंचू मात्र पुष्कळदा त्यातून वाचतो. तो घरात येतो ते भक्ष्य आणि आडोसा यांच्यासाठी; तेव्हा या दोन गोष्टी काढून घेणे हाच खरा उपाय. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घराला येथे आपोआप लाभ होतो. रात्री स्वयंपाकघरात दिवा नाही, सांडलेले अन्न नाही, त्यामुळे किडे कमी. दाराबाहेरचा पांढरा प्रखर दिवा काढून पिवळा मंद दिवा लावला की त्याभोवतीची किड्यांची गर्दीही ओसरते.

पुढचे चार दिवस नातवाने कामात घालवले. चिऱ्यांच्या भेगा चुन्याने बुजवल्या, कारण चपट्या अंगाचा विंचू अगदी अरुंद फटीतूनही आत येतो. दारांच्या तळाशी रबरी पट्ट्या बसवल्या, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावली. लाकडे आणि गोवऱ्या घरापासून दूर, दगडांच्या ओट्यावर रचल्या. प्रत्येक गोवरी हाताने नव्हे, चिमट्याने उचलली आणि हलक्या हाताने झटकली.

नातसुनेने आपल्या परीने यात भर घातली. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून असंख्य प्राण वाचवले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे तिच्या माहेरी प्रत्येकाला ठाऊक. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. माणसाला शांत ठेवून विनाविलंब रुग्णालयात न्यावे, आणि लहान मूल असेल तर वेदना कमी दिसली तरी थांबू नये, हे तिने सर्वांना समजावले. औषध डॉक्टरांनीच द्यायचे. जवळच्या रुग्णालयाचा आणि गावातल्या जीपवाल्याचा क्रमांक तिने ठळक अक्षरांत लिहून दाराशी चिकटवला. दादीसा त्या कागदासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

निघण्याच्या आदल्या रात्री नातवाने दुकानातला नोटा तपासण्याचा जांभळा दिवा काढला. गल्ल्यावरचा तो दिवा त्याने सहज बरोबर आणला होता. विंचवाच्या कठीण कवचातील काही द्रव्ये अशा प्रकाशात निळसर हिरवी चमकतात. घरातला कोपरा न् कोपरा त्याने पाहिला. कोठेही चमक नव्हती. मग सगळे वाड्याच्या दारात उभे राहिले. दूर दगडांच्या राशीपाशी एक हिरवा ठिपका हलला. दिवा जवळ नेताच दिसले की ती मादी होती आणि तिच्या पाठीवर इवलीशी पिले दाटीने बसली होती. विंचवीण जिवंत पिलांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत त्यांना अशीच वाहते.

नातसूनही मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. फक्त दोन पावले मागे सरली आणि नवऱ्याला दिवा विझवायला सांगितला.

"तिचे घर तिकडे, आपले इकडे," दादीसा म्हणाल्या. "मधली भिंत नीट राखणे हे आपले काम. तिला ते सांगता येत नाही."

 जळगावला परतल्यावर पहिल्या संध्याकाळी, सूर्य मावळण्याच्या सुमारास, नातसुनेने मुलीचे अंथरूण उचलले, गच्चीत नेले आणि हलकेच झटकले. मुलीने विचारले, "आई, यात कोण आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली, "पण पाहायला हवे ना."