ठाकुर्लीचा एकांत
मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मध्यें ठाकुर्ली आहे. जलद गाड्या तिची विचारपूसही न करतां पुढें निघून जातात. धीम्या तेवढ्या क्षणभर टेकतात. १८५४ सालीं आगगाडी कल्याणापर्यंत पोंचली तेव्हांपासून ही वाट वाहती आहे. पुढें पुण्याकडील मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या त्या काळांत, १९२९ च्या सुमारास, रेल्वेनें येथें वीजगृह उभारलें. लोक त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणत. गेल्या शतकांतच तें थंडावलें. आतां नव्या इमारतींनीं ठाकुर्लीलाही घेरलें आहे. तरी भर दुपारीं फलाटाच्या कल्याणकडील टोकाला बांकावर बसलें, तर अर्धा तास कोणी हटकीत नाहीं. मला तेवढा पुरतो.

आमचें घर डोंबिवलीस, अकरा माणसांचें. चार माणसांत बसलों कीं माझें बोलणें आटतें. घरचे मला एकलकोंडा म्हणतात, पाहुणे शिष्ट म्हणतात. युंग या मानसशास्त्रज्ञानें १९२१ सालीं आपल्या ग्रंथांत अशा स्वभावाचें सविस्तर वर्णन केलें. आपल्याकडे कठोपनिषदानें तर दृष्टि आंत वळविणाऱ्याला धीर पुरुष म्हटलें आहे. मी धीर वगैरे नाहीं, भिडस्त आहें. देवघरांतील पूजा माझ्याकडे आहे व ती मी आवडीनें करतों. सहाणेवर गंध उगाळतांना मन कसें निवतें! परंतु आरतीला सारें घर जमून झांजा वाजूं लागल्या, कीं माझ्यापुरता तरी देव तेथून उठून जातो.

कोणी म्हणेल, मूर्तीचाच कंटाळा आला असेल. तसें नाहीं. १८६७ सालीं मुंबईस प्रार्थनासमाज निघाला. त्यानें मूर्ति दूर सारली, पण उपासना मंडळीनें मिळून करण्याचीच ठेवली. मूर्ति गेली तरी सतरंजी राहिलीच! जे. कृष्णमूर्तींनीं १९२९ सालीं हॉलंडांत, ओमेन येथें, स्वतःसाठींच उभा केलेला संघ विसर्जित केला; सत्याकडे कोणताही पंथ नेऊं शकत नाहीं, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुढें १९८६ पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरपर्यंत, माणसें त्यांच्याभोंवतीं जमतच राहिलीं. मंडळ मोडणाऱ्याभोंवतींही मंडळी जमते, याला बिचाऱ्यानें काय करावें?

बांकावर मी जप करीत नाहीं, डोळेही मिटीत नाहीं. रूळ दुरून थरथरूं लागतात, गाडी येते, जाते, मग कावळ्यांचें बोलणें पुन्हा ऐकूं येतें. त्या अवधींत काल कोणाशीं कसा वागलों तें एकेक आठवतों. कांहीं चेहरे आठवायला नको वाटतात. तेच मुद्दाम समोर आणतों. मग केव्हां तरी आठवणेंही थांबतें आणि आपण कोणाचे तरी आहोंत एवढेंच जाणवतें. कोणाचे, तें मला सांगतां येणार नाहीं. याला मी उपासना म्हणतों. भटजींना तें पटेल अशी अपेक्षा नाहीं.

तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतांत बसत, हा दाखला मी घरीं पुष्कळदां दिला आहे. पण तेच तुकोबा खालीं उतरून लोकांत कीर्तनाला उभे राहत, हें मी सोयीस्करपणें गाळतों, असें आमच्या काकूचें म्हणणें. ती एकदां म्हणाली, “तुझ्या देवाला तूं एकटाच भेटून येतोस. मग आम्हीं तुला भेटायचं तें कुठें?”

त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिलाच बरोबर घेऊन गेलों. एकाच स्थानकाचा प्रवास, पण तिनें पाण्याची बाटली, खडीसाखर आणि कापसाची पिशवी घेतली होती. बांकावर बसतांच ती वाती वळूं लागली. बोलली नाहीं, मीही नाहीं. एक जलद गाडी धडधडत गेली तेव्हां तेवढा तिनें कापूस पदराखालीं धरला. मी रोजच्यासारखा आठवीत बसलों. त्या दिवशीं बरेचसे चेहरे घरांतलेच निघाले. परतीची गाडी आली तेव्हां तिच्या डब्यांत आठवडाभर पुरतील इतक्या वाती जमल्या होत्या.