जाफर, सीमुर्ग आणि आम्ही

नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणकावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला, त्यांना तो एक तास अजून आठवत असेल. ६० मिनिटं, १२ टप्पे. तेवढ्यात तळघरातून वर चढायचं आणि वजिराच्या कैदेतल्या शाहजादीला सोडवायचं. पायाखालची फरशी निसटायची, जमिनीतून सुळे वर यायचे. मेलात तर टप्पा पुन्हा पहिल्यापासून, पण गेलेली मिनिटं परत मिळायची नाहीत.

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने हा खेळ १९८९ साली आणला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून शाहजाद्याची एकेक हालचाल उतरवली. म्हणून तो कठड्याला लोंबकळायचा तेव्हा आपलेच हात भरून यायचे.

आम्ही तो मामूंच्या घरी, सोलापुरात खेळलो. संगणक भाईजानचा, त्यामुळे मुलींची पाळी शेवटी. दुष्ट वजिराचं नाव जाफर. आमच्या खानदानातही एक जाफरचाचा होते, पान खाणारे, मुंगीलाही न दुखावणारे. ते घरी आले की आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. पर्शिया म्हणजे इराण, एवढं ठाऊक होतं. पण त्या खेळातला इराण म्हणजे कमानी, गालिचे आणि पगडीवाला खलनायक. तिथे कुणी एक शब्दही बोलत नव्हतं.

२००३ साली 'सँड्स ऑफ टाइम' आला तेव्हा मी बी.एड.च्या पाठांची टाचणं काढत होते. मग नोकरी, निकाह, मूल. खेळ मागे राहिला.

जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' आला. माझा मुलगा नववीत, इंग्रजी माध्यमात. उर्दू त्याच्या लेखी अम्मीच्या नोकरीची भाषा. त्याने लॅपटॉपवर खेळ सुरू केला तेव्हा मी शेजारी पेपर तपासत होते. भाषांच्या यादीत मला 'फारसी' दिसलं. या मालिकेत पहिल्यांदाच पात्रं संपूर्ण फारसीत बोलणार होती. "ती लाव," मी म्हटलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "अम्मी, हे लोक उर्दू बोलतायत का?"

"नाही बेटा, फारसी. पण उर्दूने तिच्याकडून खूप घेतलंय. आणि मराठीनेसुद्धा."

मग दरवाजा, जमीन, हजार, पेशवा, चिटणीस यांची उजळणी झाली. वर्गात हीच यादी फळ्यावर लिहिली की मुलं जांभया देतात. इथे तो कान देऊन ऐकत होता. खेळाचं नाव फारसीत कसं होईल? ताज-ए-गुमशुदा. "गुमशुदा म्हणजे हरवलेल्या माणसांच्या पोस्टरवर असतं ते?" हो, तेच.

या खेळात नायक शाहजादा नाही. सारगोन नावाचा योद्धा आहे, आणि पळवून नेलंय ते शाहजाद्यालाच. त्याच्या शोधात सारगोन काफ पर्वतावर जातो. तिथे मी पेपर बाजूला ठेवले आणि कंट्रोलर हातात घेतला. काफ म्हणजे आमच्या नानीच्या गोष्टींतला कोहकाफ! पऱ्यांचं गाव. आणि तिथे सीमुर्ग आहे. फिरदौसीच्या शाहनाम्यात रुस्तमच्या बापाला, जालला, वाढवणारा पक्षी. अत्तारच्या 'मंतिकुत्तैर'मध्ये पाखरं याच सीमुर्गाला शोधायला निघतात. शेवटी तीसच पोचतात, आणि समोर त्यांना दिसतात ती स्वतःच. फारसीत सी म्हणजे तीस, मुर्ग म्हणजे पक्षी.

इतिहास म्हणून या खेळाकडे पाहू नये. सारगोन हे नाव मेसोपोटेमियाचं, त्याचे साथी 'अमर' योद्धे हखामनी बादशहांच्या फौजेतले, आणि अत्तार त्यानंतर दीड हजार वर्षांनी झाला. सगळी खिचडी आहे. पण मसाले घरचे आहेत.

उड्या मारताना बोटांना जुनं सगळं आठवलं. सारगोनला एक शक्ती मिळते: आपली सावली एका जागी सोडायची आणि हवं तेव्हा तिच्यापाशी परतायचं. जुन्या खेळातही आरशातून उडी मारली की शाहजाद्याची सावली वेगळी व्हायची. शेवटी ती समोर उभी राहायची, आणि तिला मारलेला घाव आपल्यालाच लागायचा. तलवार म्यान करून जवळ गेलं की दोघं एक व्हायचे. भाईजानला ही युक्ती सापडायला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली होती. आता अत्तार वाचल्यावर वाटतं, त्या मुक्या खेळालाही काहीतरी सांगायचं होतं.

आता आम्ही दोघं इशाच्या नमाजनंतर तासभर खेळतो. परवा मुलाने वहीत 'गुमशुदा' लिहून दाखव म्हटलं. कुरआन वाचतो, म्हणून अक्षरं ओळखीची. तरी पहिल्याच अक्षराशी अडला. अरबीत गाफ नाही.

"हा तर काफच आहे, वर अजून एक रेघ दिलेला," तो म्हणाला.

"बरोबर," मी म्हटलं, "आता पुढचं वाच."