डिस्प्ले चालू, गाडी बंद!

म्हात्रे पूल, सकाळी पावणेदहा. मागे पीएमपीची बस, डावीकडे रिक्षा आणि मधे मी. अ‍ॅक्सिलरेटर पिळतेय, पिळतेय, पण माझी इलेक्ट्रिक स्कूटर ढिम्म! पेट्रोलची गाडी निदान खोकून तरी बंद पडते. ही बया थेट मौनव्रतच घेते. मागच्या बसचा हॉर्न मात्र अगदी कानात!

ही 2024च्या पावसाळ्यातली गोष्ट. फ्रीलान्सिंगच्या पैशांतून साठवून साठवून ही सेकंडहँड स्कूटर घेतली होती. पेट्रोलचा खर्च वाचेल, हा साधा फंडा. दोन महिने मस्त गेले आणि मग हे सुरू झालं. आठवड्यातून दोन-तीनदा मधेच पॉवर गुल. थोड्या वेळाने पुन्हा शहाण्या मुलीसारखी चालू.

सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडीकडे धड बघितलंही नाही. ‘बॅटरी गेली मॅडम, बदलावी लागेल.’ आकडा ऐकून मी गारच पडले. माझी दोन महिन्यांची कमाई! कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, ‘टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार.’

हे मात्र लागलं. मास कॉममध्ये आमच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती : कोण, कधी, कुठे, कसं, हे विचारल्याशिवाय बातमी द्यायची नाही. मग इथेच का ऐकून घ्यायचं?

आमच्या सोसायटीत वायरिंगची कामं करणारे एक काका आहेत. त्यांना गाठलं. ते म्हणाले, ‘गाडी बंद पडली की आधी डिस्प्ले बघ. तोही गेला, तर पुरवठाच तुटतोय. म्हणजे बॅटरी, एमसीबी नाहीतर सैल झालेलं कनेक्शन. डिस्प्ले चालू आणि मोटर बंद, तर बहुतेक वेळा मोटरला कोणीतरी थांबवतंय.’ थकलेली बॅटरी जास्त करून चढावर आणि चार्ज कमी असताना दगा देते, हेही त्यांनी सांगितलं. जोर लागला की तिचं व्होल्टेज खाली येतं आणि आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं.

मग मी वहीच केली. तीन आठवड्यांत आठ नोंदी. चार्ज कधी तीस टक्के, कधी ऐंशी. चढ फक्त एकदा. डिस्प्ले आठही वेळा चालू. आणि आठपैकी सहा वेळा मी नुकताच ब्रेक दाबून सोडलेला!

उरलेला क्लू नळ स्टॉपच्या सिग्नलला एका रिक्षावाल्या दादांनी दिला. ‘ओ ताई, ब्रेक सोडा की! मागचा लाल दिवा चालूच आहे तुमचा.’ माझा हात तर ब्रेकवर नव्हताच!

काकांनी ऐकलं आणि हसायलाच लागले. इलेक्ट्रिक स्कूटरच्या ब्रेकच्या दांडीपाशी एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मागचा दिवा लावतो आणि कंट्रोलरला सांगतो, मोटरची पॉवर काढ. पावसाच्या चिखलाने माझा स्विच अडकत होता. गाडी बिचारी आज्ञाधारक! तिला वाटत होतं, मी ब्रेक दाबूनच बसलेय. काकांनी दांडी बोटाने पुढे ढकलली, दिवा विझला, चाक फिरलं. नवा स्विच कॅफेतल्या दोन कॉफींच्या पैशांत आला.

मधे एका गॅरेजवाल्याने ‘ती वायरच काढून टाकू’ असा जुगाडही सुचवला होता. काकांनी मला झापलंच. ब्रेक लावताना मोटर ओढत राहिली तर? मागच्याला दिवा दिसलाच नाही तर? आणि बॅटरीचं खोकं घरी उघडायचा शहाणपणा तर अजिबात नाही!

तुमच्या गाडीचा गुन्हेगार वेगळा असेल. साइड स्टँडचा सेन्सर असेल, सैल कनेक्टर असेल, खरंच बॅटरीही असेल. पण खिशात हात घालण्याआधी आठवडाभर वही लिहा, बॉस.

मी ती वही घेऊन मुद्दाम सर्व्हिस सेंटरला गेले. त्याने पानं चाळली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘हां... असंही होतं कधीकधी.’

मी गोड हसले. ‘टेक्निकल होतं ना!’