जुन्या स्विचची सत्ता

सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेच्या तयारीला येणाऱ्या मुलांचं पाठांतर मोठं दांडगं असतं. स्टॅटिक १, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचे हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगतील. मग मी फळ्यावर राउटिंग टेबल लिहितो: १०.१.०.०/१६ ओएसपीएफकडून आलेलं, १०.१.१.०/२४ आरआयपीकडून, शिवाय एक स्टॅटिक डिफॉल्ट रूट. १०.१.१.२५ चं पॅकेट कुठून जाईल? निम्मा वर्ग स्टॅटिक म्हणतो, कारण १ सगळ्यात लहान, उरलेले ओएसपीएफ. पॅकेट जातं आरआयपीच्या वाटेनं. टेबलात २४ बिटं जुळणारी ओळ असली, की राउटर १६ बिटांच्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाही. डिस्टन्सचं काम त्याआधीच उरकलेलं असतं: तोच प्रीफिक्स दोघांकडून कळला, तर टेबलात कुणाला घ्यायचं एवढंच ते ठरवतं.

माझा खरा जीव मात्र स्पॅनिंग ट्रीवर. आयपी पॅकेटात टीटीएल असतो, प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये अशी सोयच नाही. तीन स्विच त्रिकोणात जोडा, स्पॅनिंग ट्री बंद करा, एक पिंग मारा. एआरपीची ब्रॉडकास्ट फ्रेम दोन्ही बाजूंनी गरगरत सुटते. पिंग थांबवला तरी पोर्टचे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत राहतात, केबल उपटेपर्यंत. हे खऱ्या स्विचवरच दाखवावं. पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमध्ये ती दहशत बसत नाही.

यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीचा तोडगा काढला. आधी एक रूट निवडायचा, मग जादा वाटा ब्लॉक करायच्या. सर्वात लहान ब्रिज आयडीवाला रूट; आयडीत आधी प्रायोरिटी, मग मॅक अ‍ॅड्रेस. पण कुणी हात लावला नाही, तर प्रायोरिटी सगळ्यांचीच ३२७६८, म्हणून निकाल मॅक अ‍ॅड्रेसवर लागतो. आणि जुन्या स्विचचा मॅक बहुधा लहान निघतो. अडगळीतला १०० एमबीपीएसचा स्विच दोन नव्या गिगाबिट स्विचना जोडून बघा. म्हातारा रूट होतो, नव्यांमधली थेट गिगाबिट लिंक ब्लॉक होते आणि सगळी वाहतूक म्हाताऱ्याच्या अंगावरून जाते. नेटवर्क चालू, तक्रार एवढीच की 'स्लो आहे'.

उपाय एका ओळीचा: हव्या त्या स्विचची प्रायोरिटी कमी करा. पण ती ४०९६ च्याच पटीत का, हे विचारलं की वर्ग गप्प. प्रायोरिटीच्या जागेतल्या १६ बिटांतली खालची १२ व्हीलॅनच्या क्रमांकाला दिली, की प्रायोरिटीला वरची ४ च उरतात. व्हीलॅन १ साठी ३२७६९ दिसतं तेही त्यामुळेच.

परीक्षेचं म्हणाल, तर २०२० मध्ये सीसीएनएचं 'राउटिंग अँड स्विचिंग' हे वेगळं नाव गेलं, २००-३०१ ही एकच परीक्षा आली. डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्नसंच, घोकणारे तेव्हाही होते, आताही आहेत. 'शो स्पॅनिंग-ट्री'चं आउटपुट समोर ठेवून रूट कोण असं विचारलं, आणि त्यातला एक मॅक बदलला, की त्यांचं उत्तर चुकतं.