पट्टा

मराठीत पट्टा हा शब्द फार राबतो. मावळ्याच्या हातात फिरतो तो दांडपट्टा, शिपायाच्या कमरेला असतो तो पट्टा, गिरणीतल्या चाकांवरून धावतो तोही पट्टाच. आणि शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या म्हणजे ज्याची धार आपल्याला सोसावी लागते, तो त्यांच्या तोंडाचा पट्टा. पण मला विशेष आवडतो तो कुत्र्याच्या गळ्यातला. गळ्यात पट्टा दिसला की हे कुत्रे कुणाचे तरी आहे, याची कुणीतरी काळजी वाहते आहे, असे आपण समजतो. पट्टा नसलेले ते बेवारशी. बांधलेले असणे म्हणजे कुणाचे तरी असणे, हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे रणकंदन माजले, त्याचा निकाल या अर्थानेच लागला.

आमच्या थोरल्या बंधूंकडे, म्हणजे दादांकडे, १९५७ सालची फियाट अकराशे आहे. आमच्या वडिलांनी घेतलेली. तिच्या बसक्या, गुबगुबीत अंगामुळे लोक या जातीच्या मोटारीला 'डुक्कर फियाट' म्हणत. दादांसमोर मात्र तो शब्द उच्चारायची सोय नाही. रविवारी सकाळी ते तिला पुसतात, तेव्हा आमच्या वहिनींच्या चेहऱ्यावर सवत पाहिल्याचे भाव असतात! तर शहरात जुन्या मोटारींची फेरी निघायची होती. सात वर्षांचा नातू, दोन वर्षांची नात आणि मोती नावाचा पंचवीस किलोंचा गावठी कुत्रा, एवढा लवाजमा घेऊन त्या फेरीत सामील व्हायचे असे दादांनी ठरवले. सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"बाबा, मुलांना पट्टे कुठं आहेत?"

"अगं, या गाडीत पट्टे नव्हतेच कधी! अकरा माणसं कोंबून आम्ही महाबळेश्वरला जात होतो. आम्ही काय मेलो?"

हा प्रश्न तुमच्या घरीही कुणीतरी विचारला असेल. तो मोठा बिनतोड वाटतो. पण थोडा विचार करा. जे जगले, वाढले, तेच हा प्रश्न विचारायला उरले आहेत. ज्यांना वाढता आले नाही, ते उत्तर द्यायला येत नाहीत. आमच्या वाड्यात माझ्याच वयाचा एक मुलगा होता. गोट्यांत त्याचा नेम कधी चुकला नाही. त्याच्या मामांच्या मोटारीत तो पुढच्या दाराशी उभा राहून निघाला होता. त्या काळच्या पुष्कळ मोटारींप्रमाणे त्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. फियाटचीही तीच तऱ्हा. असे दार चालत्या गाडीत कडीतून निसटले, तर वारा त्याला मिटवत नाही, हिसडून सताड उघडतो. घाटातल्या एका वळणावर तसे झाले. त्याच्या गोट्यांची पिशवी त्याच्या आईने कितीतरी वर्षे खुंटीला ठेवली होती. "आम्ही काय मेलो?" हे वाक्य ऐकले की मला ती खुंटी दिसते.

मुले आणि कुत्री यांचा मोटारीशी संबंध मात्र मोटारीइतकाच जुना. १८८८ साली बेर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला शंभराहून अधिक किलोमीटर नेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. आणि सोबत कोण, तर पंधरा आणि तेरा वर्षांचे दोन मुलगे! पुढे १९०३ साली होरेशिओ जॅक्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्क ६३ दिवसांत गाठले. वाटेत त्याने बड नावाचा बुलडॉग विकत घेतला. धुळीने कुत्र्याचे डोळे लाल होऊ लागले, तेव्हा त्यालाही चष्मा चढवला. त्या काळी कुणी जिवाची काळजी घेत नव्हते असे समजू नका. धूळ हा शत्रू दिसत होता, म्हणून चष्मा आला. वेग हा शत्रू दिसायला आणखी बरीच वर्षे लागली.

आपण आज लावतो तो खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलीन या स्वीडिश इंजिनिअरने व्होल्व्होसाठी बनवला, १९५९ साली. दादांची फियाट त्याच्या दोन वर्षे आधीची. तेव्हा तिच्यात असला पट्टा नाही, यात तिचा काही दोष नाही. आमच्या लहानपणी त्याचे काम आईचा हात करी. ब्रेक लागला की तिचा डावा हात आपोआप आमच्या छातीवर आडवा यायचा. त्या हाताइतकी माया जगात कशात नसेल. पण मायेला वजन पेलवत नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटार भिंतीवर आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोचे मांडीवरचे मूल त्या क्षणापुरते सव्वाशे किलोचे होते. मागे मोकळा बसलेला मोती तीनशे किलोंच्या वर जातो, आणि त्याच्या पुढ्यात असते दादांची पाठ. कोणत्या आईचा हात हे धरील?

"पत्रा बघ कसा जाड आहे," दादा बॉनेटवर टिचकी मारून म्हणाले. नेमकी इथेच गंमत आहे. नव्या मोटारीचे नाक मुद्दामच चेपले जाईल असे केलेले असते. धक्का ते स्वतः गिळते. जुनी मोटार स्वाभिमानी. ती स्वतः फारशी वाकत नाही, धक्का आतल्या माणसांकडे पोचवते. आत स्वागताला लोखंडी डॅशबोर्ड आणि सुकाणूचा न दुमडणारा दांडा.

मग कायद्याचा किस पडला. २०२१ साली आपल्याकडे जुन्या मोटारींचे नियम आले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. सांगाड्यात, इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. आणि ती रोजच्या वापराला नव्हे, तर प्रदर्शने आणि फेऱ्या यांसाठी काढायची. दादांनी हा कागद हुकमाच्या पानासारखा टाकला. सूनबाईंनी त्यावर २०१९ सालच्या दुरुस्तीतले कलम टाकले: चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या खास आसनाविना नेले, तर हजार रुपये दंड. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींचे वेड आपल्याहून मोठे. पण मोटारीत पट्टे नसतील तर तीन वर्षांखालचे मूल तिच्यातून न्यायचेच नाही, आणि त्याहून मोठ्याने मागेच बसायचे, असा तिथला नियम आहे. मोटारीचे वय पाहून मुलाच्या हाडांना कुणी सूट देत नाही.

निकाल आमच्या जुन्या मिस्त्रींनी लावला. मागच्या बैठकीला पट्टे बसवायचे, पण नुसत्या पत्र्याला बोल्ट आवळून नव्हे. पत्रा गंजका असेल तर आधी तो नीट करायचा, खालून जाड पोलादी पट्टी द्यायची, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. वरचे टोक बाजूच्या भक्कम खांबाला. "साहेब, सांगाडा आहे तसाच राहील," मिस्त्री म्हणाले, "चारदोन भोकं पडतील तेवढीच." "ती माझ्या काळजाला पडतील," असे दादा म्हणाले, पण पुढच्या दोन बैठकांनाही पट्टे लावून घ्या, हेही तेच म्हणाले. नातवाखाली उंच आसन आले, कारण पट्टा मानेवर आणि पोटावर नव्हे, खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. दोन वर्षांच्या नातीला मात्र सूनबाईंनी फियाटमध्ये बसू दिले नाही. ती मागून येणाऱ्या नव्या मोटारीत, आपल्या खास आसनात.

मोतीही त्याच मोटारीत. त्याच्या गळ्यातला पट्टा तो कुणाचा हे सांगायला ठीक. गाडीत बांधायला छातीवरून येणारा पट्टाच हवा, नाहीतर हिसक्याने मानच जायची. आणि मोकळा कुत्रा अपघातातून वाचला, तरी बिथरून रस्त्यावर धावतो किंवा सोडवायला आलेल्यालाच चावतो. फियाटमध्ये बसायला तो फार रडला. पण जुन्या मोटारीच्या तळातून कधी धूर आत येतो, तो वास नसलेल्या विषारी वायूसकट. आणि जमिनीलगत नाक असणाऱ्याला ते कळत नाही. धुराड्याची नळी आणि तळातली भोके मिस्त्रींनी तपासली, तरी मोतीची जागा बदलली नाही. उन्हात मोटार उभी केली, की त्याला बरोबर उतरवायचे, काच खाली आहे म्हणून आत सोडायचे नाही, हेही ठरले. धापा टाकणे हाच त्याचा पंखा. तापलेल्या मोटारीत तो चालत नाही.

फेरीच्या दिवशी दादांनी पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर राखले, कारण जुने ब्रेक आपल्या सवडीने लागतात. दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते. कुणालाही ती भोके दिसली नाहीत. मला वाटते, जुन्या वस्तूवर जीव लावावा तो असाच. तिचे वय तिला राखू द्यावे, पण त्याची किंमत मुलांकडून आणि मुक्या जनावराकडून वसूल करू नये.

आता नातवाला त्या मोटारीची इतकी गोडी लागली आहे, की तो दादांच्याही आधी तिच्यात जाऊन बसतो. एका रविवारी दादा नेहमीप्रमाणे फियाटचे पुराण सांगत सुकाणूमागे बसले. महाबळेश्वर झाले, अकरा माणसे झाली, जाड पत्रा झाला. इतक्यात मागून आवाज आला, "आजोबा, आधी तुमचा पट्टा!"

दादांनी निमूटपणे तो लावला. आमच्या घरात त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबल्याचा तो पहिलाच प्रसंग, असे वहिनी सगळ्यांना सांगतात.