एक तांब्या पाणी

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला ईस्टर आठवतो. दिवाळीत सगळीकडे घरं रंगवतात. आमच्या वस्तीवर ईस्टरच्या आदल्या शनिवारी कबरींना चुना लागायचा.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती, पंचवीसेक उंबऱ्यांची. मधोमध दगडी, कौलारू देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं, पण आमची उपासना गोऱ्या साहेबाच्या चालीवर कधी रमली नाही. ती रमली टाळ-मृदंगावर. नारायण वामन टिळकांनी प्रभू येशूला अभंगात, कीर्तनात आणलं आणि आमच्या अडाणी आज्यांना देव आपल्या बोलीत भेटला. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण टिळकांची भजनं तोंडपाठ.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही पोरं ओढ्यावरच्या शिंदीच्या फांद्या तोडून मिरवणूक काढायचो. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. पोटात कावळे ओरडायचे आणि आजी डोळे वटारायची. शनिवारी चुना. आणि रविवारी पहाटे चारला पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन दिंडी निघायची. घरोघरी थांबत, भजन म्हणत, माणसं गोळा करत ती कबरस्थानात पोचायची. तांबडं फुटलं की पाळकसाहेब मोठ्यानं म्हणायचे, “प्रभू उठला आहे!” सगळे म्हणायचे, “खरोखर उठला आहे!” त्या सगळ्यांत आजीचा आवाज वर असायचा. खडा, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारल्यासारखा.

1972 साली पाऊस गेला. बायामाणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर. पोरांच्या हातात सुकडी, चुलीवर मिलोच्या लाल भाकरी. विहिरींनी तळ गाठला म्हणून जो तो विहीर खोल करत होता. माझा धाकटा चुलताही उतरला. पौषातल्या एका दुपारी वरची दरड ढासळली. तो चोवीस वर्षांचा होता. लग्न ठरलेलं होतं.

आजी रडली नाही. तिनं देवळात जाणं बंद केलं. पाळकसाहेब भेटायला आले, तर चहा दिला आणि म्हणाली, “चहा घ्या, साहेब. पर प्रार्थना नका करू माझ्या घरात. मला त्याच्याशी बोलायचं नाय.” पाळकसाहेब चहा पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा नुसता चहा पिऊन गेले.

1973 चा ईस्टर 22 एप्रिलला होता. ऊन असं की जमीन भेगाळलेली. पाण्याचा टँकर तीन दिवसांनी यायचा आणि त्यातून घरटी दोन हंडे. प्यायला पुरेना, तिथं चुना कशात कालवायचा? ह्या वर्षी राहू द्या, असं पुरुषमाणसांनी ठरवलं. आजी म्हणाली, “बरंच झालं. त्याची माती अजून बसली नाय. तिला कशाला रंग लावायचा?”

शनिवारी संध्याकाळी मी अंगणात होतो. कबरस्थानाच्या वाटेनं बायका परत येत होत्या. कोपरापर्यंत हात पांढरे. पुढं कोपऱ्यावरची मावशी, आजीच्या बरोबरीची. आजीनं दारातूनच विचारलं, “पानी कुठनं आनलं गं?”

“एकेकीनं एकेक तांब्या आनला,” मावशी म्हणाली. “वाड्यातल्या पाटलीणबाईंनी एक कळशी धाडली. बाकीच्यांना पुरलं नाय बाई. तुझ्या पोराचीच तेवढी केली.”

आजी काही बोलली नाही. पण त्या रात्री ती जेवली नाही आणि झोपलीही नाही. माजघरात तिच्या बांगड्या वाजत होत्या.

पहाटे दिंडी आमच्या दारात आली. एरवी एक कडवं झालं की पुढं जायची. त्या दिवशी भजन संपलं, मृदंगवाल्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. कुणी हाक मारली नाही, कुणी दार वाजवलं नाही. तिसऱ्या खेपेला आजी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली आणि माझा हात धरून चालायला लागली.

कबरस्थानात काळ्या दगडमातीत एकच कबर पांढरी दिसत होती. आजी तिच्याजवळ उभी राहिली. तांबडं फुटलं. पाळकसाहेब म्हणाले, “प्रभू उठला आहे!”

मंडळींनी उत्तर दिलं. आजीचे ओठ मिटलेले. मी वर बघितलं, तर मावशी तिचा दुसरा हात धरून उभी. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर त्या शांततेत मावशी एकटीच पुन्हा म्हणाली, “खरोखर उठला आहे.”

आजीनं तिच्याकडं बघितलं. मावशी हळूच म्हणाली, “एकदा माझं, एकदा तुझं. तुला जमंल तवा तू म्हन.”

तेव्हा आजी रडली. चार महिन्यांचं रडली. बायका तिच्याभोवती बसल्या. पाळकसाहेबांनी पुढची प्रार्थना थांबवली आणि बत्तीची हवा सोडून ते गप्प उभे राहिले. सूर्य चांगला वर आला, मग सगळ्यांनी एकमेकांना सलाम केला. गुळाचा कोरा चहा झाला. मृदंगवाला काहीतरी बोलला आणि बायका हसल्या. आजीसुद्धा हसली, डोळे पुसत. ईस्टरचा आनंद म्हणजे नवे कपडे आणि गोडधोड, एवढंच मला तोवर ठाऊक होतं.

घरी येताना आजी म्हणाली, “तिचं एक कर्ज झालं माझ्यावर.”

पुढं दोन वर्षं आजी दिंडीत यायची, पण उत्तर द्यायची नाही. मावशी दोनदा म्हणायची. तिसऱ्या वर्षी उपवासाच्या दिवसांत मावशीचा नवरा गेला. त्या ईस्टरला मावशीला हुंदका आवरेना. पाळकसाहेबांची हाक आली आणि मंडळींच्या वर आजीचा जुना, खडा आवाज उठला. एकदा. आणि मग, मावशीचा हात घट्ट धरून, पुन्हा एकदा.

आता दोघीही तिथंच आहेत, चार पावलांच्या अंतरावर. वस्तीवर नळ आलाय, पोरं पुण्या-मुंबईला गेलीत. पण ईस्टरला माणसं परततात, मीही जातो. शनिवारी चुना भिजवायला मी नळाचंच पाणी घेतो. वर एक तांब्या घरच्या हंड्यातला ओततो. त्याला काही कारण नाही. नेतो एवढंच.

यंदा पहाटे माझ्या शेजारी एक तरुण बाई उभी होती. कडेवर लेकरू, कपाळ उघडं, ओठ मिटलेले. तिची माझी ओळख नव्हती. मंडळींचं म्हणून झालं, तसं मी पुन्हा एकदा म्हणालो. माझा आवाज काही आजीसारखा खडा नाही. तरी तिनं मान वळवून बघितलं.