साडेसातची मालिका

गेल्या वर्षी एका तासाला सरांनी विचारले, "तुमच्यापैकी किती जणांनी नाटक पाहिले आहे?" नाटक हा वाङ्मयप्रकार शिकवायला घ्यायचा होता, त्याआधी आमचा अंदाज घ्यावा असा त्यांचा हेतू असावा. पाच-सहा हात वर झाले. मीही हात अर्धा वर नेला. तेवढ्यात सर म्हणाले, "टीव्हीवरच्या मालिका सोडून बरं का! ते काही नाटक नव्हे." वर्ग हसला. मी वर नेलेल्या हाताने वेणी सारखी केली आणि मीही हसले. बहुधा सर्वांत मोठ्याने मीच हसले.

त्या हसण्याचे मला घरी जाईपर्यंत वाईट वाटत राहिले. सरांचा मुळीच राग आला नाही. राग आला तो माझा मलाच. म्हणून आज कबुली देते: मी मालिका पाहते. एकटी नव्हे, आई आणि आजीबरोबर पाहते, आवडीने पाहते आणि त्यांवर भांडतेही.

आमचे घर निरगुडसरला, गावठाणापासून आत, मळ्यात. डिंभ्याचे पाणी आले, त्या पाण्यावर ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. दिवेलागण झाली की शेळ्या आत, पोरे आत आणि दाराला कडी. मग बाहेरच्या ओट्यावर गप्पा मारीत बसायची सोय नाही. अशा वेळी करायचे काय? साडेसात वाजले की टीव्ही लागतो. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे नाना, म्हणजे माझे वडील, बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला जातात. त्या रात्री आई टीव्हीचा आवाज बारीक ठेवते. पडद्यावर कुणाची तरी सून रडत असते आणि आईचा एक कान उसाकडे असतो. मालिका पाहणाऱ्या बायका रिकामटेकड्या असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आमच्या घरी यावे.

आता आजीविषयी. आमच्या भागाला नाटकाचे वावडे आहे असे कुणी समजू नये. शेजारच्या जुन्नर तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेसाठी तमाशा ठरवायला जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्याच. त्या २००२ साली वारल्या. त्यांच्या नावाने आता राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. मी एकदा आजीला मोठ्या कौतुकाने विचारले, "तू विठाबाईंना पाहिलंस का गं?" आजी म्हणाली, "मी कशी पाहीन? आम्ही बाया घरी. बाप्ये जायचे. आम्ही ढोलकी ऐकायचो लांबून, भाकरी थापता थापता."

मी गप्पच झाले. एवढी मोठी कलावंत, तीही बाई, हाकेच्या अंतरावर गात-नाचत होती आणि आजीच्या वाट्याला तिची फक्त ढोलकी आली! नाटक तर तालुक्याच्या पलीकडे, तिकिटाचे. तेव्हा आजीला पुढे बसून पाहायला मिळालेले पहिले नाटक कोणते, तर शेजाऱ्यांच्या टीव्हीवरचे ‘चार दिवस सासूचे’. ई टीव्ही मराठीवर ही मालिका २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली संपली. नाव चार दिवसांचे, भाग तीन हजारांच्या वर! पण आजीला त्याचे काही नाही. "आपलं काय अडलंय? चालू दे की," असे ती म्हणते. आयुष्यभर दूरवरून ढोलकी ऐकलेल्या बाईला लवकर पडदा पाडण्याची घाई का असावी?

नारायणगावनेच पुढे आजीला एक राजाही दिला. डॉ. अमोल कोल्हे मूळचे तिथले. २००८ साली ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत ते शिवाजी महाराज झाले आणि २०१७ च्या सप्टेंबरात झी मराठीवर सुरू झालेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त संभाजी महाराज. मे २०१९ मध्ये ते आमच्या शिरूर मतदारसंघाचे खासदार झाले, तेव्हा पोस्टरवरचा त्यांचा साधा सदरा पाहून आजी म्हणाली, "जिरेटोप कुठं ठिवला यानं?" २०२० च्या फेब्रुवारीत मालिका शेवटाकडे आली. महाराजांची समाधी वढू बुद्रुकला, आमच्याच जिल्ह्यात. शेवट काय होणार हे आजीला ठाऊक होते. तरी ती रोज विचारी, "आज सुटत्यात का गं?" शेवटच्या आठवड्यात तिने दोन रात्री जेवणाचे ताट परत केले. ग्रीक शोकांतिकेत प्रेक्षकाला शेवट आधीच माहीत असतो, हे मला पुढे कॉलेजात कळले. आजीला ते कुणी शिकवले नव्हते.

एवढे कौतुक केले म्हणून मालिकांना मी सगळे माफ करते असे नव्हे. नाटक आमचे आहे, तर उणेही आम्हीच काढणार.

पहिली तक्रार हातांची. मालिकेतल्या बायकांच्या हातांवर कामाची खूण नसते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ चालली. त्यातली राधिका मला फार आवडे. वऱ्हाडी बोलणारी, भोळी, नवऱ्याने फसवलेली, पण मोडून न पडलेली. तिने मसाल्याचा धंदा काढला आणि पाहता पाहता कंपनी तीनशे कोटींची झाली. आई त्यावर म्हणाली, "तीनशे कोटींची मिरची कांडली, पण हिच्या हाताची आग झालेली एकदा तरी दावली का?" आमच्याकडे उन्हाळ्यात तिखट कुटले की आईचे हात दोन दिवस जळजळतात. तीनशे कोटींवर माझा कसाबसा विश्वास बसला, पण न जळलेल्या हातांवर बसेना.

दुसरी तक्रार गावाची. मालिकेतले गाव म्हणजे तालीम, चावडी आणि पिवळ्याधमक शेतात पदर उडवणारी नायिका. ‘तुझ्यात जीव रंगला’तला कोल्हापूरकडचा राणादा पैलवान, ‘लागिरं झालं जी’तला साताऱ्याकडचा अज्या फौजी. दोघेही आमच्या घरी लाडके होते, अज्या फौजेत गेला तेव्हा मी रडले होते. पण पैलवान आणि फौजी सोडून गावात आणखी कुणी राहत नाही काय? २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोला तोडणीची मजुरी निघेल एवढाही भाव नव्हता. जुलैत नारायणगावच्या बाजारात तोच टोमॅटो क्रेटला दोन हजारांच्या पुढे गेला. ज्याने जूनमध्ये बाग उपटली त्याने जुलै कसा काढला असेल आणि ज्याने नाइलाजाने ठेवली त्याच्या घरी काय झाले असेल? एवढे नाटक दाराशी पडले असता लेखकमंडळींना खिरीत विष कालवणारी जाऊच का सुचावी, हे मला समजत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र एका मालिकेला पैकीच्या पैकी. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सुरू झाली. सावंतवाडीजवळ आकेरीला चित्रित केलेली, मालवणीत बोलणारी. आम्हांला पहिले चार दिवस निम्मे कळले नाही. पाचव्या दिवसापासून सगळे कळू लागले आणि आजी अण्णा नाईकांना अस्सल आंबेगावी शिव्या देऊ लागली. मी वर्गात बोलताना ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ जिभेवर येऊ नये म्हणून जपत असते. मालवणीने साऱ्या महाराष्ट्राला घाबरवले, मग आमच्या बोलीला एवढे लपवायचे का, असा प्रश्न मला त्या अण्णांमुळे पडला.

डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या ‘ठरलं तर मग’वर तर आमच्याकडे रोज खटला चालतो. सायली हीच खरी तन्वी, हे आम्हांला ठाऊक. घरात नांदते ती खोटी. शेजारच्या काकू म्हणतात, "एक रक्ततपासणी केली तर मालिका मंगळवारी संपेल." त्या मालिकेतल्या पूर्णाआजी, म्हणजे ज्योती चांदेकर, १६ ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात वारल्या. बातमी मी मोबाइलवर वाचून दाखवली. आजी म्हणाली, "माझ्याच वयाची असंल." त्या संध्याकाळी टीव्ही लावा असे कुणी म्हणाले नाही. उंबऱ्याबाहेरच्या बाईसाठी आमच्या घरात असा शोक मी प्रथमच पाहिला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ‘आई कुठे काय करते’ २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली. मी तेव्हा आठवीत होते. अरुंधती पंचवीस वर्षे संसार करते, घरातली सगळी तिला गृहीत धरतात, आणि एक दिवस नवऱ्याचे दुसरीकडे लक्ष असल्याचे तिला कळते. पुढे ती वेगळी होते, गाण्याकडे वळते, पुन्हा लग्नही करते. मालिका लांबली, हे मान्य. घटस्फोटानंतरही ती त्याच ‘समृद्धी’ बंगल्याची दुखणी काढत राहिली, याचा मला संताप येई. पण आई मात्र एरवी न बोललेले त्या अर्ध्या तासात बोले. "हिला गाता तरी येत होतं. मला काय येतं?" असे एकदा म्हणाली. मग म्हणाली, "सातवीत पहिला नंबर होता माझा." हे मी पंधरा वर्षांची होईपर्यंत ऐकले नव्हते.

मार्च २०२४ मध्ये त्या मालिकेची वेळ बदलली. साडेसातची मालिका दुपारी अडीचला गेली. अडीचला आई शेतात असते, आमच्या किंवा दुसऱ्याच्या. आईवरची मालिका आईला पाहता येईना. मग रात्री मी माझ्या मोबाइलवर तिला भाग दाखवू लागले.

त्याच वर्षी मी प्रथम वर्षाच्या प्रवेशाला आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हात घामाने ओले झाले होते. अर्ज भरून घेणाऱ्यांनी विचारले, "वडील काय करतात?" मी म्हणाले, "शेती." "आई?" मी म्हणाले, "आई काही नाही करत. घरीच असते." त्यांनी लिहून घेतले आणि मी पुढे सरकले.

घरी आले तर दाराला कुलूप, किल्ली नेहमीच्या दगडाखाली. आई सोयाबीनच्या खुरपणीला गेली होती, मजुरीने. सहा वाजता आली. गुडघ्यापर्यंत चिखल. "झाला का गं प्रवेश?" एवढे विचारून तिने हातपाय धुतले, चूल पेटवली आणि भाकऱ्या झाल्यावर माझ्याजवळ टेकून म्हणाली, "लाव की. आज काय झालं अरुंधतीचं?" मी मोबाइल उघडला. सुरुवातीला मालिकेचे नाव आले. साडेचार वर्षे ते नाव मी रोज वाचत होते, आणि त्याच दिवशी दुपारी मीच ते एका अनोळखी माणसाला उत्तर म्हणून दिले होते. तो भाग मी पाहिला नाही. मोबाइल धरून नुसती बसले.

मालिका ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी लिहिले, ‘शेती व शेतमजुरी’, आणि आईला दाखवले. तिने बोट ठेवून वाचले आणि म्हणाली, "मजुरी कशाला लिव्हली? शेती लिव्हायचं नुसतं. आपली बी जमीन हाय." मी म्हटले, "शाईने लिहिलंय आई, खोडाखोड चालत नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खोटं न्हाय ते." आणि टीव्हीचा आवाज बारीक करून बसली, कारण त्या रात्री विजेची पाळी आमची होती.

सर, आपण विचारले होते, नाटक किती जणांनी पाहिले आहे? माझा हात वर आहे असे समजावे. आणि वर्गाबाहेरचे चालत असतील, तर आणखी दोन मोजावेत.